दृष्टीची पेढी आणि तिची गादी

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी आडत दुकानात सकाळी डोकावले, तर एक दृश्य अजूनही दिसते. गादीवर मुलगा किंवा नातू बसलेला असतो आणि बाजूला भिंतीला टेकून घरातील वडीलधारे बसलेले असतात. सोयाबीनच्या ढिगातून मूठभर दाणे उचलून ते दातांखाली चावतात आणि ओलावा अचूक सांगतात; काट्यावरचा आकडा मात्र दुसऱ्याला विचारतात. रोजमेळावर सही करताना नातू त्यांचे बोट धरून जागा दाखवितो. डोळ्यांविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही.’

‘पिकू द्या, मग काढू’ हे वाक्य मराठवाड्याच्या घराघरांत दोन पिढ्या नांदले. एके काळी ते शास्त्राला धरून होते. आज ते नाही. या दोन काळांच्या मधल्या अंतरात नेत्रशस्त्रक्रियेच्या एका मोठ्या व्यवसायाची जडणघडण झाली. त्या घडणीत लातूर जिल्ह्यातील माकेगावच्या एका शेतकरीपुत्राचा वाटा मोठा आहे. तिचा हिशेब व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावा असा आहे, कारण त्यात भांडवल आहे, उलाढाल आहे, पत आहे आणि शेवटी प्रत्येक पेढीला छळणारा प्रश्नही आहे: गादीवर पुढे कोण?

जाड भिंगांचे दिवस

डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानानुसार धूसर होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. भारतात सुश्रुतसंहितेत त्यावरील शस्त्रकर्माचे वर्णन आढळते. धूसर झालेला भाग सुईसारख्या शलाकेने दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारावा, अशी ती कल्पना होती. धूसर भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत युरोपात रूढ केली ती जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने, १७४७ नंतर. त्यानंतर दोनशे वर्षे तत्त्व तेच राहिले. भिंग काढायचे आणि त्याची उणीव बाहेरच्या जाड चष्म्याने भरून काढायची.

शिरूरच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेली शस्त्रक्रिया या प्रकारची होती. भिंग त्याच्या आवरणासह अखंड काढावे लागे, आणि ते पुरते पक्व झालेले असले तर काम सोपे जाई. म्हणून ‘पिकू द्या’. जखम मोठी असे. रुग्णाने कित्येक दिवस डोळ्याला पट्टी बांधून निश्चल पडून राहायचे, खोकायचे नाही, वाकायचे नाही. पट्टी सुटल्यावर हाती येई तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यातून समोरचे दिसे, परंतु वस्तू मोठ्या भासत आणि कडेचे नीट दिसत नसे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा अंधारात. तरीही ज्याला काहीच दिसत नव्हते त्याला हे वरदानच होते.

खेड्यापाड्यांत हे वरदान पोहोचविले ते नेत्रशिबिरांनी. शेजारच्या कर्नाटकात डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी गावोगावी प्रचंड नेत्रशिबिरे भरवून हजारोंना दृष्टी दिली. १९५६ साली त्यांना पद्मश्री आणि १९६८ साली पद्मभूषण मिळाले. महाराष्ट्रातही अशी शिबिरे होत राहिली आणि त्यांच्यामागे व्यापाऱ्यांचा हात असे. कोणी धर्मशाळा देई, कोणी भोजनाची व्यवस्था पाही, कोणी वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त चष्म्यांचा खर्च उचली. आहारदानाच्या जोडीला औषधदानाला जैन परंपरेत जे स्थान आहे, त्याचे हे प्रत्यक्ष रूप होते.

या कथेला एक काळी बाजूही आहे. १९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे भरलेल्या एका शिबिरात जंतुसंसर्ग झाला आणि ८४ रुग्णांनी शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गमावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ च्या निकालात न्यायालयाने अशा शिबिरांसाठीच्या दक्षतेच्या नियमांचे काटेकोर पालन व्हावे, यावर भर दिला. शाळेच्या वर्गात वा मंडपात टेबल मांडून शस्त्रक्रिया करण्याची रीत मागे पडली ती अशाच अनुभवांतून. आता शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि रुग्णाला वाहनाने सुसज्ज रुग्णालयात न्यावे, ही पद्धत योग्य मानली जाते. सद्हेतू पुरेसा नसतो, व्यवस्था लागते, हा धडा त्या ८४ डोळ्यांची किंमत देऊन मिळाला.

माकेगाव ते भायखळा

डॉ. तात्याराव लहाने यांचा जन्म १९५७ साली रेणापूर तालुक्यातील माकेगाव येथे झाला. शेतकरी घर, कोरडवाहू जमीन, कष्टाचे बालपण. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण आणि नेत्रशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९९० च्या दशकात ते मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जे. जे. मध्ये आले.

ज्या संस्थेत ते आले ती जुनी आणि मातब्बर. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. १८६० च्या दशकात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून स्वतंत्र नेत्ररुग्णालयाची भर पडली. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी घातलेल्या पायावर मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा पुढे इमारत चढविणार होता, हा योग मोठा बोलका आहे.

पण त्याआधीच त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. वय चाळिशीच्या आत, संसार नुकता मांडलेला, आणि पुढचे आयुष्य अनिश्चित. १९९५ साली आई अंजनाबाई यांनी आपले एक मूत्रपिंड मुलाला दिले. आईने दिलेले हे आयुष्य गोरगरिबांच्या डोळ्यांसाठी खर्ची घालायचे, असा संकल्प त्यांनी सोडला. पुढील काळात त्यांच्या हातून मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि २००८ साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. त्यांचे बंधू डॉ. विठ्ठल लहाने लातूर येथे दुभंगलेल्या ओठांवरील मोफत शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात.

जे. जे. मधील या कामात त्यांच्या सहकारी डॉ. रागिणी पारेख यांचा वाटा बरोबरीचा होता. दीर्घकाळ त्यांनी नेत्रविभागाची धुरा वाहिली. या दोघांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात जाऊन वर्षानुवर्षे शिबिरे घेतली. कुष्ठरोगाने डोळ्याची पापणी मिटत नाही, आतील भागाला दाह होतो, आणि अशा डोळ्यावरील मोतीबिंदूचे काम अधिक जोखमीचे असते. समाजाने ज्यांच्यापासून अंतर राखले, त्यांच्या डोळ्यांशी सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास जवळीक साधायची, हे केवळ कौशल्याचे काम नव्हते.

भिंगाची किंमत आणि टेबलाचा हिशेब

एका माणसाच्या निष्ठेने सर्व घडले, असे म्हणणे सोपे आहे. पण व्यवसाय वाढतो तेव्हा त्यामागे तंत्र आणि हिशेबही असतो.

तंत्राची कथा लंडनला सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्याने ते निमूट सोसले, हे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी हेरले. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे कृत्रिम भिंग प्रथम मानवी डोळ्यात बसविले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याच्या ध्वनिलहरींच्या उपकरणावरून कल्पना घेऊन मोतीबिंदूचे आतल्या आत चूर्ण करून शोषून घेण्याची रीत काढली. हीच आजची फेको. छेद इतका लहान झाला की टाक्यांची गरज उरली नाही. भिंग डोळ्याच्या आतच बसल्याने बाटलीच्या बुडासारखा चष्मा गेला. आणि महत्त्वाचे म्हणजे पिकण्याची वाट पाहण्याचे कारणही गेले. उलट मोतीबिंदू फार पिकून टणक झाला तर शस्त्रक्रिया अवघड होते, आणि काही वेळा डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा धोका संभवतो.

अडचण होती ती किमतीची. आयात केलेल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि ही किंमत सुमारे दहा डॉलरपर्यंत खाली आणली. शासनही मागे नव्हते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू होता. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ज्या सात राज्यांत मोतीबिंदूवर विशेष मोहीम झाली, त्यांत महाराष्ट्र होता. स्वस्त भिंग, शासनाचे पाठबळ आणि निष्णात हात या तिन्हींचा मेळ ज्या काळात बसला, नेमका तोच जे. जे. च्या नेत्रविभागाच्या भरभराटीचा काळ होय.

आता हिशेब. समजा, एका शस्त्रक्रियागृहाचा दिवसाचा ठरलेला खर्च बारा हजार रुपये आहे. त्यात वेतन, वीज, उपकरणांची झीज, निर्जंतुकीकरण हे सर्व आले. दिवसाला सहा शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येकीवर दोन हजारांचा बोजा पडतो. चाळीस झाल्या तर तोच बोजा तीनशेवर येतो. भिंग व औषधे यांचा खर्च वेगळा, तो प्रत्येकाला सारखाच. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण तत्त्व कोणत्याही गिरणीमालकाला पाठ असते: यंत्र थांबले की तोटा सुरू होतो. नेत्रशस्त्रक्रियेतील सर्वांत महाग यंत्र म्हणजे शल्यविशारदाचा वेळ. एका टेबलावरचे काम संपेपर्यंत दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण तयार असावा, सूक्ष्मदर्शक वळवावा आणि पुढील काम सुरू व्हावे, अशी मांडणी केली की गरिबाला मोफत सेवा देणे परवडू लागते. उलाढाल वाढली म्हणून गुणवत्ता घटते असे नाही. नियम पाळले, तर रोज तेच काम करणारा हात अधिकाधिक स्थिर होत जातो.

गादीचा प्रश्न

इथवरची कथा यशाची आहे. पुढची कथा अधिक अवघड आहे आणि म्हणूनच अधिक मोलाची.

डॉ. लहाने जे. जे. चे अधिष्ठाता झाले, पुढे वैद्यकीय शिक्षण विभागाचे संचालक झाले, निवृत्त झाले. तरी नेत्रविभागाशी त्यांचे नाते सुटले नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात विभागातील निवासी डॉक्टरांनी तक्रार केली. शस्त्रक्रिया शिकण्याची पुरेशी संधी आम्हांला मिळत नाही, हा तिचा गाभा होता. ज्येष्ठांनी आरोप नाकारले. त्या महिन्याच्या अखेरीस डॉ. लहाने, डॉ. पारेख यांच्यासह नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. त्यानंतर या दोघांनी मुंबईतच रघुनाथ नेत्रालयात आपले काम चालू ठेवले.

कोणाचे किती बरोबर, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. परंतु वादाच्या मुळाशी असलेला पेच खरा आहे आणि तो कोणत्याही एका व्यक्तीचा नाही. टेबलावर झोपलेल्या म्हातारीला हवा असतो सर्वांत निष्णात हात. तिला डोळे दोनच आहेत. शिकाऊ हाताने ते का सोसावे? दुसरीकडे, आजचा शिकाऊ हात उद्या नांदेडला, उदगीरला, देवणीला जाऊन बसणार आहे. त्याला आज शिकविले नाही, तर वीस वर्षांनी त्या गावच्या म्हातारीचे काय? आजच्या रुग्णाचे हित आणि उद्याच्या रुग्णाचे हित यांच्यातील ही ओढाताण प्रत्येक शिक्षण रुग्णालयाला सोडवावी लागते.

व्यापाऱ्याला हा पेच परका नाही. चाळीस वर्षे सौदे स्वतः करणारा बाप गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती देत नाही, कारण मुलगा चुकेल आणि चूक महाग पडेल. त्याचे भय खोटे नसते. पण किल्ली न मिळालेला मुलगा सौदा शिकत नाही, आणि एके दिवशी बापाचे डोळे मिटतात तेव्हा पेढीचेही मिटतात. जितका बाप कर्तबगार, तितका हा धोका मोठा.

मदुराईचे उत्तर

या प्रश्नाला दक्षिणेत एक उत्तर सापडले आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तारुण्यातच सांधेवाताने गाठले आणि हातांची बोटे वाकडी झाली. प्रसूतिशास्त्राचा मार्ग सोडून ते नेत्रशास्त्राकडे वळले आणि त्याच वाकड्या बोटांनी शस्त्रक्रिया शिकले. १९७६ साली, शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, त्यांनी मदुराईत अकरा खाटांचे छोटे रुग्णालय काढले. भावंडांनी घर-दागिने गहाण टाकून भांडवल उभे केले, असे सांगतात. ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याच्यावर मोफत उपचार व्हावेत आणि शस्त्रक्रियेच्या दर्जात भेद नसावा, हा नियम त्यांनी घातला. त्या अकरा खाटांतून अरविंद नेत्ररुग्णालयाची आजची साखळी वाढली. जगातील मोठ्या नेत्रसेवा संस्थांत तिची गणना होते आणि हार्वर्डमध्ये तिच्यावर व्यवस्थापनाचे पाठ दिले जातात.

वेंकटस्वामी २००६ साली निवर्तले. रुग्णालय थांबले नाही. त्याचे कारण त्यांनी काम वाटून ठेवले होते. खेड्यातील मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन तपासणी, मोजमापे, टेबलावरील साहाय्य ही कामे त्यांच्याकडे सोपविली. डॉक्टरने फक्त निदान आणि शस्त्रक्रिया पाहायची. प्रत्येक शल्यविशारदाच्या गुंतागुंतींची नोंद ठेवली जाते, म्हणजे कोणाच्या हाताला कोठे मदत हवी हे वहीतच दिसते. शिकाऊ डॉक्टर शस्त्रक्रिया एकदम हाती घेत नाही. आधी कृत्रिम डोळ्यावर सराव, मग प्रत्यक्ष शस्त्रक्रियेतील एकच सोपी पायरी, मग दुसरी, आणि शेजारी ज्येष्ठ डॉक्टर त्याच सूक्ष्मदर्शकाच्या जोडनळीतून पाहत असतो, क्षणात काम आपल्या हाती घेण्याच्या तयारीने. अशा रीतीने आजच्या म्हातारीचा डोळाही सांभाळला जातो आणि उद्याचा हातही घडतो. १९९२ साली त्यांनी यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्थाच काढली आणि आपली पद्धत इतर रुग्णालयांनाही शिकविली. व्यापारी भाषेत सांगायचे तर, दुकानाचे गुपित शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगितले.

माकेगाव आणि मदुराई यांची तुलना करून एकाला मोठे, दुसऱ्याला लहान ठरविण्याचे कारण नाही. एकाने शासकीय रुग्णालयाच्या चौकटीत राहून, दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात बाळगून, लाखाच्या पलीकडे डोळे उघडले. दुसऱ्याने स्वतःची चौकट बांधली. हाताने पेढी उभी राहते आणि पद्धतीने ती टिकते, दोन्ही लागतात.

दात्याने काय विचारावे

ही चर्चा दूरची वाटू नये. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच ठरले. सुमारे दोन तृतीयांश अंधत्व त्यामुळे होते. म्हणजे बरे होऊ शकणारे अंधत्वच अजून सर्वाधिक आहे. उदगीर येथे उदयगिरी लायन्स नेत्ररुग्णालयासारखी धर्मादाय संस्था आज जिल्ह्यातच आहे. मुंबईची वाट धरण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही.

व्यापारी कुटुंबे आजही वाढदिवस, पुण्यस्मरण, पर्युषणानिमित्त नेत्रशिबिरांना देणग्या देतात. धनादेश लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, जसे माल घेण्यापूर्वी विचारले जातात. शस्त्रक्रिया कोठे होणार, सुसज्ज रुग्णालयात ना? भिंग कोणते आणि त्याची नोंद रुग्णाच्या कागदावर मिळणार का? महिन्याभराने रुग्णाला पुन्हा तपासणीसाठी कोण आणणार? आणि चौथा, जो क्वचितच विचारला जातो: या संस्थेत नवा डॉक्टर, नवी परिचारिका तयार होते आहे का? शंभर शस्त्रक्रियांचा खर्च देणारा दाता शंभर डोळे उघडतो. एका परिचारिकेच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च देणारा दाता किती डोळे उघडतो, याची मोजदाद त्याच्या हयातीत संपत नाही. त्या कोनशिलेवर नाव कोरले जात नाही, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट घरातली. आजोबांचा मोतीबिंदू लवकर लक्षात येतो, कारण ते पेढीवर बसतात. आजी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा हातांनी ओळखते, सामायिकाची वेळ सुनेला विचारते आणि ‘मला दिसते आहे तेवढे पुरे’ म्हणून विषय मिटविते. तिला विचारणारा कोणी असावा लागतो.

शिरूरच्या दुकानात भिंतीला टेकून बसलेल्या वडीलधाऱ्यांना आता ‘पिकू द्या’ असे म्हणू नये. लातूर वा उदगीर तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशी घरी परतता येते. चार दिवसांनी ते काट्यावरचा आकडा स्वतः वाचतील आणि नातवाच्या जमाखर्चातील चूक बोट ठेवून दाखवितील. त्या वेळी नातवाने रागावू नये, आणि आजोबांनी वही आपल्याकडे ओढून घेऊ नये. चूक दाखवावी आणि लेखणी नातवाच्याच हाती राहू द्यावी.